घरी विचारून सांगते

"मी आत येत नाही," गेटपाशीच थांबत आबा म्हणाले. "इथं झाडाखाली बसतो. तू ये जाऊन."

"किती वेळ लागेल सांगता येत नाही, आबा. ऊन आहे."

"सगळी हयात स्टँडवर गेली माझी. मला वाट बघायला शिकवू नकोस. जा."

कंपनीच्या कुंपणाला लागून एक कडुलिंब होता. त्याच्याखाली सिमेंटचा मोठा पाइप आडवा पडला होता. आबांनी टोपी काढून झटकली, पुन्हा डोक्यावर घातली आणि त्या पाइपवर ऐसपैस बसले. मी पदर सारखा केला, फाइल छातीशी धरली आणि आत गेले.

ही ब्याण्णव सालातली गोष्ट. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही आलो होतो तिथल्या चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत. आबा म्हणजे माझे सासरे, विश्वनाथ वायकुळे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मी त्यांची एकुलती एक सून. लग्न झाल्यावर, आमची पोरगी रेवती रांगत असताना, मी सोलापूरला माहेरी राहून एमबीए केलं होतं. तोवर सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी सोलापूरला आणि इकडे बार्शीत बापलेक खानावळीच्या डब्यावर, असे ते दिवस. आमच्या गल्लीत त्यावर पुष्कळ बोलून झालं होतं. दिगंबर, माझे यजमान, हसून सोडून देत. ते हायस्कूलवर गणित शिकवत. आबा मात्र ना चांगलं म्हणाले, ना वाईट. घरात ते बोलतच नसत फारसं. कुणी विचारलं तर म्हणत, "तिकीट-तिकीट करून जन्मभराचं ओरडून झालंय."

पदवी हातात आली त्या संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू झाला, आता पुढं काय?

बार्शीत एमबीए झालेल्या बाईचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. एका डाळमिलच्या मालकांनी मला आदरानं खुर्ची दिली, चहा पाजला आणि विचारलं, "म्हणजे टायपिंग येतच असेल?" एका पतसंस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, संक्रांतीला आपण बायकांसाठी बचत योजना काढतोय. तेवढं हळदीकुंकू तुम्ही बघा." पुण्याच्या कंपन्यांना पाठवलेल्या अर्जांना उत्तरं येत नव्हती. सोलापूरच्या एका जाहिरातीत तर खाली स्पष्टच छापलं होतं, की विवाहित महिलांनी अर्ज करू नयेत. वर्ष होत आलं. संध्याकाळी शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेता घेता मला वाटायला लागलं होतं, की आता हेच.

आणि मग ही मुलाखत आली. मिक्सर आणि कुकर बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. मराठवाड्यातली विक्री बघायला माणूस हवा होता.

नेमकी त्या दिवशी दिगंबरांची बोर्डाच्या परीक्षेची ड्यूटी होती. जेवताना ते म्हणाले, "एकटी कशी जाणार एवढ्या लांब? भाऊ येईल का तुझा?"

आबा पानावरून नजर न उचलता म्हणाले, "मी जातो की हिच्याबरोबर."

आबा कशाला? मी मनाशी एकच अर्थ लावला. इतके दिवस ते गप्प राहिले, पण आता गोष्ट घराबाहेर, परगावी चालली होती. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि परतीच्या गाडीत दोन शब्दांत निकाल देणार. घरात अजून त्यांचाच शब्द शेवटचा होता. दिगंबरही म्हणायचे, "मला काय, आबा म्हणतील तसं."

रेवतीला शेजारी ठेवून आम्ही पहाटेची गाडी धरली. येरमाळा मागं पडलं आणि घरात सात-आठ शब्दांवर दिवस काढणारे आबा बोलायला लागले. ते थांबेचनात. "ह्या वळणावर माझी गाडी चिखलात रुतली होती. आत लग्नाचं वऱ्हाड. सगळे उतरून ढकलतायत आणि नवरदेव आत बसलेला. म्हटलं, उतर की बाबा, संसाराला लागायचंय ना? मुंडावळ्या बांधूनच ढकलायला लागला बिचारा." मांजरसुंब्याच्या घाटात त्यांनी ड्रायव्हरला वळणं सांगितली, त्याला ती पाठ होती तरी. शहागडच्या पुलावर बायका गोदावरीत नाणी टाकायला लागल्या, तर हे उभं राहून खिडक्या उघडून देत होते. मला वाटलं, माझी धाकधूक कमी व्हावी म्हणून हे बोलतायत. वाईट बातमी सांगण्याआधी माणसं अशीच गोड बोलतात, असंही वाटलं.

आत आम्ही सहा-सातजण होतो. मी सोडून सगळी मुलं. माझ्या शेजारी टायवाला पुण्याचा मुलगा बसला होता. त्यानं विचारलं, "तुम्ही कुणाबरोबर आलात?" मी म्हटलं, "सासऱ्यांबरोबर." तो एवढा चकित झाला, की पुढं काही बोललाच नाही.

मुलाखतीला दोघं होते. जनरल मॅनेजर राजहंस, जाड भिंगाचे, कोरड्या आवाजाचे. आणि कर्मचारी विभागाच्या टाकसाळे बाई, कॉटनची कडक साडी नेसलेल्या. राजहंसांनी माझ्या मार्कांकडे पाहिलंही नाही. एकदम विचारलं, "आमचा मिक्सर मराठवाड्यात खपत नाही. का?"

पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. जे माहीत होतं तेच बोलले. "खपतो सर, पण वापरला जात नाही. तो लग्नात द्यायला घेतात. घरी कपाटावर झाकून ठेवतात. आमच्या गल्लीत चार घरांत आहे आणि चारही घरांत चटणी पाट्यावर होते."

"का?"

"बिघडला तर दुरुस्त कोण करणार? सोलापूरला नाहीतर पुण्याला पाठवायचा. तो महिन्यानं येणार. बायका म्हणतात, त्यापेक्षा नकोच हात लावायला. आणि कपाटावरचा मिक्सर बघून शेजारीण कशाला नवा घेईल?"

राजहंस खुर्चीत पुढं सरकले. "मग जाहिरात कशी करायची?"

"जाहिरात नंतर, सर. आधी दर तालुक्याला दुरुस्ती शिकवलेला एक माणूस बसवा."

त्यांनी टाकसाळे बाईंकडे पाहिलं. पुढं बराच वेळ ते विचारत राहिले, मी बोलत राहिले. मला मजा यायला लागली होती. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या विषयातलं विचारत होतं.

मग टाकसाळे बाईंनी चष्मा नीट केला. "मिस्टर बार्शीला असतात. त्यांची बदली होईल इकडे?"

"नाही, खाजगी संस्थेची शाळा आहे."

"मुलगी लहान आहे. तिला ठेवून येणार की घेऊन?"

"घेऊन."

"तिला सांभाळणार कोण? या कामात फिरती आहे. इथं कुणी नातेवाईक?"

"नाही."

"मग राहण्याचं काय ठरवलंय तुम्ही?"

मी काहीच ठरवलं नव्हतं. ठरवणं माझ्या हातात आहे असं मला वाटलंच नव्हतं. झाडाखाली बसलेले आबा डोळ्यांपुढं आले. तोंडातून निघून गेलं, "घरी विचारून सांगते."

राजहंसांनी पेनाला टोपण लावलं. एवढा बारीक आवाज, पण मला तो अजून आठवतो. "ठीक आहे," ते म्हणाले. "कळवू आम्ही."

बाहेर आले तर झाडाखाली आबा नव्हते.

वॉचमन म्हणाला, "बाबा तर तुम्ही आत गेलात तेव्हाच उठले. त्या घरांच्या वसाहतीकडं गेले."

मी पाइपवर बसले. टायवाला मुलगा शीळ घालत बाहेर पडला, रिक्षात बसून गेला. सावली सरकत पलीकडं गेली. सकाळपासून पोटात दोन पोळ्यांपलीकडं काही नव्हतं. आधी काळजी वाटली, मग राग आला. माझं आयुष्य आत चाललं होतं आणि यांना फिरायला सुचत होतं! परतीची गाडी चुकली तर रेवती रात्रभर माझ्याशिवाय. आता सांगतील, ओळखीचा कंडक्टर भेटला, गप्पा मारत बसलो. एवढंच कशाला, मला रडू यायला लागलं होतं आणि ते कुणावर काढायचं ते कळत नव्हतं.

आबा आले ते पार धुळीनं भरलेले. पायजम्याला गुडघ्यापर्यंत माती. टोपी हातात आणि टोपीत चार पेरू.

"खा आधी," ते म्हणाले. "मग ऐक. इथं मागं सिडकोची घरं आहेत. पाणी एक दिवसाआड, पण भरपूर येतं. शाळा दोन. एक मोठी, तिथं कुणी बोलायला तयार नाही. दुसरी एका बाईंची. तिथं वर्गाबाहेर पोरांच्या चपला एका ओळीत लावलेल्या होत्या. ती बरी. दवाखाना कोपऱ्यावर. आणि एक खोली बघितली. म्हणजे दोन खोल्या, मागं मोरी, पुढं एवढंसं अंगण. मालकीण जरा जास्त बोलते, पण मन साफ वाटलं. मी तिला म्हटलं, आठ दिवस कुणाला देऊ नका."

पेरू हातातच राहिला. "कुणासाठी, आबा?"

"कुणासाठी म्हणजे? रोज बार्शीहून येणारेस काय?"

"पण मला नोकरी मिळालेली नाही."

"का? काय विचारलं?"

मी सांगितलं. मिक्सरचं सांगितलं तेव्हा ते हसले. मग राहण्याचं सांगितलं. "मी म्हटलं, घरी विचारून सांगते."

"बरं," आबा पाइपवर बसत म्हणाले. "मग विचार की."

"काय?"

"घरी विचारणार होतीस ना? मी घरचाच आहे. विचार."

रस्त्यानं लोखंडी सळ्या भरलेला ट्रक खडखडत गेला. मग बोलले तेव्हा आवाज माझा मलाच लहान मुलीसारखा वाटला. "आबा, मी इथं नोकरी करू?"

"कर."

"रेवती?"

"मी येतो. शाळेत नेईन, आणीन. भाकरी मला थापता येत नाही, पण खिचडी येते. मुक्कामाच्या गाडीवर शिकलोय."

"आणि हे?"

"दिगूची पस्तिशी आली. आमटी काय आभाळातून पडते? शिकेल. शनिवारी दुपारी शाळा सुटली की गाडीत बसायचं, रात्री इथं. चल, ऊठ. आत जाऊन सांगून ये."

"असं परत जाता येत नाही, आबा. मुलाखत संपली."

"स्टँडमधून सुटलेली गाडीसुद्धा हात केला की थांबते," ते म्हणाले. "मी थांबवलीय कितीतरी वेळा. फाटक उघडं आहे तोवर जा."

मी गेले. अर्धा पेरू हातात घेऊन गेले, तो कुठंतरी कुंडीत टाकला. व्हरांड्यात टाकसाळे बाई पर्स घेऊन निघायच्या बेतात होत्या.

"मॅडम, मी घरी विचारलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "एवढ्यात? फोन केलात का?"

"नाही. माझे सासरे बाहेर आहेत. ते इथं राहायला येणार आहेत, मुलीला सांभाळायला. खोली बघून झालीय. शाळाही बघितलीय."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"मघाशी मला माहीत नव्हतं."

त्यांनी पर्स बाकावर ठेवली. मग वळून राजहंसांच्या खोलीत गेल्या. दार अर्धवट उघडं राहिलं. मला राजहंसांचा वैतागलेला आवाज ऐकू आला, "अहो, त्या मुलाला हो म्हटलंय मी आत्ताच!" मग बाईंचा हळू आवाज, बराच वेळ. मग मला आत बोलावलं.

"विक्रीची जागा गेली," राजहंस म्हणाले. "मघाशी तुम्ही दुरुस्तीचं बोललात. ते काम आमच्याकडे कुणी करत नाही. तक्रारींची पत्रं खोक्यात पडून आहेत. सहा महिने करून बघा. कायम करीन असा शब्द देत नाही. पगार त्या मुलापेक्षा कमी. विचार करायला वेळ हवा?"

"नको, सर."

"घरी विचारायचं नाही?"

"झालंय विचारून," मी म्हटलं. टाकसाळे बाई हसल्या. राजहंस नाही हसले, पण त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

बाहेर आबा फाटकाला टेकून उभे होते. मी मान हलवली तेव्हा त्यांनी एकदम डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, पुन्हा काढली. काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. "चल चल," एवढंच म्हणाले आणि माझ्यापुढं भराभरा चालायला लागले. खोलीच्या मालकिणीला सांगून मगच आम्ही स्टँड गाठला.

जूनमध्ये आम्ही तिघं सिडकोत आलो. ते दिवस आठवले की मला पहिल्यांदा आठवतो तो घासलेटच्या स्टोव्हचा आवाज आणि त्यावर आबांची खिचडी, रोज थोडी वेगळी, रोज थोडी लागलेली. फिरतीवरून यायला अंधार झाला तर आजोबा-नात अंगणाच्या पायरीवर बसलेले असत. आबा तिला राज्यातले डेपो शिकवत. वर्गात बाईंनी जिल्ह्यांची नावं विचारली, तर ही डेपोंची सांगून आली. गल्लीतल्या बायकांना गाड्यांच्या वेळा विचारायच्या असल्या की त्या आमच्याच दारात येत. कुणाचा पाहुणा स्टँडवरून आणायचा, कुणाला अंबाजोगाईच्या गाडीत बसवून द्यायचं, सगळं आबा. शनिवारी रात्री दिगंबर यायचे, डब्यात स्वतः केलेली आमटी घेऊन. पहिल्या वर्षीची आमटी आम्ही प्रेमापोटी खाल्ली. पुढंपुढं ती माझ्यापेक्षा चांगली व्हायला लागली.

सहा महिन्यांनी मला कायम केलं. टायवाला मुलगा वर्षभरात मुंबईला गेला. तालुक्या-तालुक्यातून मी दुरुस्तीची माणसं उभी केली, मग विक्रीही माझ्याकडे आली. बरीच वर्षं गेली. दिगंबर मुदतीआधी निवृत्ती घेऊन औरंगाबादला आले आणि आम्ही स्वतःचं घर बांधलं.

वास्तुशांतीला बार्शीहून गाडी भरून माणसं आली होती. जेवणं झाल्यावर दिगंबर सगळ्यांना सांगायला लागले. ते नेहमीच सांगत. "हे घर आबांचं आहे. जन्म गेला त्या गावाला, पण सुनेच्या नोकरीसाठी या माणसानं म्हातारपणी घर सोडलं. मित्र सोडले, देऊळ सोडलं. असा त्याग कोण करतं?" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझेही डोळे भरले. बघते तर आबा खुर्चीत नव्हते.

ते मागच्या अंगणात कण्हेरीपाशी उभे होते. आता थकले होते, हात थरथरायचा. मी चहा घेऊन गेले.

"आत या ना. सगळे तुम्हाला विचारतायत."

"मी येत नाही. तो दिगू पुन्हा सुरू झालाय."

"खरं तेच सांगतायत हे."

आबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, पण प्यायले नाहीत. "हेमा, तुला एक सांगू? तुझी सासू गेली ना, तेव्हापासून दिवे लागले की मला त्या घरात गुदमरायचं. दिगू त्याच्या वह्या तपासत बसायचा. कट्ट्यावर जावं तर सगळे म्हातारे एकमेकांना गुडघे दाखवणार. तू आलीस सोलापूरहून, पोरगी आली, तरी संध्याकाळ झाली की तुझ्या सासूची खुंटीवरची शाल दिसायची. काढूही देववेना कुणाला. बोललो नाही. काय बोलणार? तुमचं तरणं घर."

मी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला, बशी त्यांच्याकडेच राहिली.

"त्या दिवशी गाडीनं येरमाळा सोडलं आणि मला श्वास आला. किती वर्षांनी! तू आत गेलीस. मी झाडाखाली बसलो आणि मनात आलं, हिला जर इथं नोकरी लागली, तर आपल्यालाही राहता येईल की इथं. मग बसवेचना. उठलो आणि खोल्या बघत सुटलो. वेड्यासारखा. प्रत्येक घरात जाऊन वाटायचं, इथं राहू, इथं."

"आणि मला मिळाली नसती तर?"

"म्हणून तर परत आत धाडलं तुला!"

मी हसले, आणि हसता हसता मला बसावं लागलं. आबाही हसत होते, खोकत होते, चहा बशीतून सांडत होता. इतकी वर्षं मी त्यांच्यापुढं पाणी ठेवताना, औषध देताना, मनात हात जोडूनच असायची. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. सासऱ्यांच्या!

"दिगूला सांगू नकोस," डोळे पुसत ते म्हणाले. "त्याला वाटेल, बाप आपल्याला सोडून पळाला."

मी नाही सांगितलं. आबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घरात चार माणसं जमली की दिगंबर अजून ती हकीकत सांगतात, आणि दर वेळी आबांचा त्याग थोडा वाढलेला असतो. ऐकणारे माझ्याकडं वळून म्हणतात, "भाग्यवान हो तुम्ही."

"हो," मी म्हणते. "दोघंही."

त्यांना वाटतं, मी माझ्याबद्दल आणि दिगंबरांबद्दल बोलतेय.